मुरगावची बंदर-फेरी: अमेरिका आणि जपान समजून घ्यायचे असतील तर सड्यावर चला

गोव्यात वास्कोतल्या काही तरुणांनी रविवारी सकाळी मुरगाव बंदर परिसराची पायी फेरी सुरू केली आहे. माणशी ५०० रुपये, साधारण साडेतीन तास, बोलणं मराठी-कोकणीत मिसळून, शेवटी चहा आणि भाजी-पाव. पत्रकावर ‘बंदराचा इतिहास’ एवढंच लिहिलंय, पण फेरीचा सगळा जीव एका विषयात आहे: अमेरिका आणि जपान यांचा व्यवहार, आणि त्यात मुरगाव कुठे येतं. मी वास्कोतच एका शिपिंग एजन्सीत कागदपत्रांचं काम करते. बंदर रोज डोळ्यांसमोर असतं. तरीही सांगते, ही फेरी जरूर करा. दोन ठिकाणी ती कमी पडते, तेही लिहिणार आहे, कारण ही मुलं मनापासून काम करतायत आणि फेरी आहे त्याहून चांगली व्हावी असं मला फार वाटतं.

सुरुवात वास्को रेल्वे स्टेशनजवळ होते. तिथून मिनीबसने हेडलँड सड्यावर जायचं आणि पुढे चालत. धक्क्यावर आत जाता येत नाही, सुरक्षा कडक आहे. त्यामुळे सगळं वरून दाखवतात, आणि वरून दिसतंही चांगलं: समोर जुवारी नदीचं मुख, पलीकडे दोना पावलाचं टोक, नांगरून पडलेली जहाजं, खाली धक्क्यांची रांग आणि कोळशाचे ढीग. वाटेत पहिला थांबा १९४३ च्या मार्च महिन्यातल्या जर्मन जहाजांचा. तटस्थ पोर्तुगिजांच्या आसऱ्याला आलेलं एहरेनफेल्स, त्यावर कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश हौशी घोडेस्वारांनी घातलेला छापा, जहाजांना लागलेली आग. गोष्ट रंगतदार आहे आणि सांगणारा रंगवतोही, पण तिच्यावर जरा जास्तच वेळ जातो. ती बऱ्याच लोकांना ठाऊक असते. त्यानंतर सात महिन्यांनी त्याच बंदरात जे घडलं, ते वास्कोत जन्मलेल्यांनाही ठाऊक नसतं.

१९४३ चा ऑक्टोबर. अमेरिका आणि जपान यांच्यात पॅसिफिकमध्ये घनघोर युद्ध चालू आहे. अशा वेळी १५ ऑक्टोबरला तेइया मारू हे जपानी जहाज मुरगावात आलं. दुसऱ्या दिवशी आलं ग्रिप्सहोल्म, स्वीडनचं, अमेरिकेने भाड्याने घेतलेलं. तेइया मारूवर चीन, फिलिपाइन्स, हाँगकाँग, जपान इथे अडकलेले सुमारे दीड हजार अमेरिकन, कॅनेडियन आणि इतर लोक होते: मिशनरी, पत्रकार, व्यापारी, त्यांची बायकामुलं. बरेचजण छावण्यांतून आलेले. ग्रिप्सहोल्मवर साधारण तेवढेच जपानी, अमेरिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले. १९ ऑक्टोबरला अदलाबदल झाली. इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले. जपानच्या ताब्यातल्या कैद्यांसाठी अमेरिकेहून आलेली रेडक्रॉसची पार्सलंही इथेच तेइया मारूवर चढवली गेली. मग दोन्ही जहाजं आपापल्या वाटेने गेली. ग्रिप्सहोल्म १ डिसेंबरला न्यूयॉर्कला पोचलं. तेइया मारू पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकन पाणबुडीने बुडवलं, तेव्हा ते सैन्य वाहत होतं.

हे सांगण्याची यांची पद्धत मला अतिशय आवडली. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देतात. कार्डावर नाव नाही, फक्त कोण आणि कुठून. माझ्याबरोबरच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांना आलं ‘शांघायमधला अमेरिकन डॉक्टर’. मडगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीला आलं ‘पेरूमधला जपानी दुकानदार’. मला आलं ‘कॅलिफोर्नियात जन्मलेली बारा वर्षांची मुलगी, आईवडील जपानी’. मग सगळ्यांना दोन रांगांत उभं करतात आणि एकेकाने समोरच्या रांगेत जायचं. काही बोलायचं नाही.

पलीकडे जाऊन उभी राहिले तेव्हा मार्गदर्शकाने विचारलं, “ताई, तुम्ही घरी चाललात की घर सोडून चाललात?” बायण्याचा पंचविशीतला मुलगा आहे, आवाज न चढवता बोलतो. मला पटकन उत्तर देता आलं नाही. जपान न पाहिलेल्या मुली-मुलांना युद्धाच्या मध्यावर जपानला नेलं जात होतं. पेरूतल्या कितीतरी जपान्यांना तर आधी अमेरिकेने तिथून उचलून आपल्या छावण्यांत आणलं होतं. एका बाजूला सुटका, दुसऱ्या बाजूला देशातून काढून टाकणं, आणि दोन्ही एकाच धक्क्यावर, एकाच दिवशी. हा भाग त्यांनी गाळला नाही, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. इंटरनेटवर ही गोष्ट बहुतेक वेळा फक्त सुटलेल्या अमेरिकनांच्या बाजूने सांगितलेली असते.

माझ्या कामामुळे असेल, पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते कागदांनी. युद्ध करणारे दोन देश एकमेकांशी थेट बोलत नव्हते. अमेरिकेचा निरोप जपानपर्यंत स्वित्झर्लंड पोचवत होतं, जपानचा अमेरिकेपर्यंत स्पेन. जहाजाचा मार्ग आधी जाहीर करायचा, रात्री सगळे दिवे लावून जायचं, बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘डिप्लोमॅट’ रंगवायचं, म्हणजे कोणाची पाणबुडी टॉर्पेडो मारणार नाही. प्रवाशांची यादी दोन्ही सरकारांनी मान्य केलेली. डोक्याला डोकं. अशी पहिली अदलाबदल १९४२ मध्ये पोर्तुगिजांच्याच मोझांबिकमध्ये, लोरेन्सो मार्किसला झाली होती. मुरगावची दुसरी. तिसरी झालीच नाही, मागे उरलेले युद्ध संपेपर्यंत अडकून पडले.

आणि पोर्तुगाल यात का? तटस्थ, म्हणून. गोव्यातल्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. बंदर आमचं, पण पेन दुसऱ्याच्या हातात.

इथपर्यंत फेरीला मी पूर्ण गुण देते. दुसरा भाग जपानीज गार्डनमध्ये बसून होतो, आणि तिथे ती ढिली पडते. १९४३ वरून मार्गदर्शक सरळ आजच्या दिवसावर उडी मारतो. शत्रू होते, मित्र झाले, आता क्वाड या चार देशांच्या गटात भारतासोबत आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये मलबार नौदल सरावाचा दुसरा टप्पा अरबी समुद्रात झाला, त्यात भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया चौघेही होते, हे तो समुद्राकडे हात करून सांगतो. ते खरंच आहे. पण मधली साठ-सत्तर वर्षं गेली कुठे? ती तर डोंगराखालीच आहेत, लोहखनिजाच्या धक्क्यावर.

माझे बाबा डिचोली तालुक्यात खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होते. आमच्या घरी भिंतीवर जपानी कॅलेंडर असायचं. खनिज घेणाऱ्यांकडून खाणमालकाला यायचं आणि त्यातलं एखादं कामगारांच्या वाट्याला. फुजीचा डोंगर मी मांडवीतल्या बार्जइतक्याच सवयीने बघत मोठी झाले. ही जपानची ओळख गोव्यातल्या खाणपट्ट्यातल्या घराघरांत आहे. हिचा अमेरिकेशी काय संबंध? सगळा संबंध आहे.

युद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. शीतयुद्ध पेटलं तसा अमेरिकेने विचार बदलला: जपानला दाबून ठेवण्यापेक्षा उभा करायचा, कारखाने चालू करायचे, आणि आपल्या बाजूला बांधून ठेवायचा. ८ सप्टेंबर १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करारावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी अमेरिका-जपान सुरक्षा करारावरही. जपानला स्वातंत्र्य परत मिळालं, पण अमेरिकन तळ राहिले. भारत त्या परिषदेला गेला नाही. आपण ९ जून १९५२ ला जपानशी वेगळा करार केला आणि युद्धाची भरपाई मागितली नाही. जपानने पुढे १९५८ मध्ये पहिलं येन कर्ज दिलं ते भारतालाच.

उभ्या राहणाऱ्या जपानला पोलादासाठी खनिज हवं होतं. त्याच्या स्वतःच्या जमिनीत फारसं नव्हतं. पन्नासच्या दशकात गोव्याचं खनिज बार्जमधून मुरगावला आणि तिथून जहाजाने जपानला जाऊ लागलं. खाणींवर जपानी यंत्रं आली, त्यांचे पैसे खनिजातून फिटायचे. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा पोर्तुगीज राजवटीला याच खनिजाच्या पैशाने हात दिला. आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांच्याबरोबर संयुक्त पत्रक काढलं, त्यात गोव्यासारख्या पोर्तुगीज ताब्यातल्या भागांचा उल्लेख ‘पोर्तुगीज प्रांत’ असा होता. भारतात त्यावरून मोठा संताप उसळला. हेच डलेस सॅन फ्रान्सिस्को कराराचे शिल्पकार. जपानची नवी घडी बसवणारा आणि गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणणारा माणूस एकच आहे. गोव्यात अमेरिका-जपान संबंधांवर बोलायचं आणि डलेस यांचं नाव घ्यायचं नाही, हे मला फार मोठं गाळणं वाटतं.

भाजी-पाव खाताना त्या राज्यशास्त्राच्या मुलीने विचारलं, “दोघे एवढे मित्र आहेत, तर अमेरिकेने २०२५ मध्ये जपानवर टॅरिफ का लावला?” मार्गदर्शक म्हणाला, ते ट्रम्प यांचं राजकारण आहे. हे उत्तर अपुरं आहे, कारण ही भांडणं ट्रम्प यांच्या कितीतरी आधीची आहेत. मी तिला पोलादाच्याच वाटेने सांगितलं.

गोव्याच्या आणि इतर ठिकाणच्या खनिजावर जपानचं पोलाद इतकं वाढलं, की ते अमेरिकेच्या बाजारात शिरलं. तिथले कारखानदार ओरडले, आणि १९६९ पासून जपानने पोलादाच्या निर्यातीवर ‘स्वेच्छेने’ मर्यादा घालून घेतली. १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी टोकियोला अंधारात ठेवून चीनच्या भेटीची घोषणा केली, आणि महिन्याभरात डॉलरचं सोन्याशी नातं तोडून आयातीवर १० टक्के अधिभार लावला. १९८१ मध्ये मोटारींची पाळी: वर्षाला १६ लाख ८० हजारांच्या वर पाठवायच्या नाहीत. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात ठरलं की येन महाग व्हायला हवा. तेव्हा डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन दोन-तीन वर्षांत १५० च्या खाली आला, म्हणजे तेवढा महागला. हे सगळं घडत असताना सुरक्षा करार जागच्या जागी होता. १९६० मध्ये तो नव्याने केला, तेव्हा टोकियोच्या रस्त्यांवर प्रचंड आंदोलन झालं, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द करावा लागला, पंतप्रधान किशी यांना पद सोडावं लागलं. करार मात्र टिकला. ओकिनावा १९७२ मध्ये जपानला परत मिळालं, पण जपानच्या एक टक्काही जमीन नसलेल्या त्या बेटांवर आजही जपानमधल्या अमेरिकन तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन आहे. मैत्रीची किंमत कोण मोजतं, हे टोकियोत कमी आणि ओकिनावात जास्त कळतं.

म्हणून २०२५ चा जुलै मला नवा वाटला नाही, आकडे तेवढे नवे. जपानी मालावर १५ टक्के, मोटारींवर साडेसत्तावीसवरून १५, आणि बदल्यात जपानकडून अमेरिकेत ५५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं वचन. पोलादावरचे ५० टक्के तसेच राहिले. त्याआधी जूनमध्ये निप्पॉन स्टीलने यूएस स्टील विकत घेतली, जवळजवळ १५ अब्ज डॉलरला. आमच्या खनिजाच्या जमान्यात जपानी कारखाने ज्या अमेरिकन पोलादाशी झगडत होते, तेच आता त्यांच्या मालकीचं झालं. पण त्या व्यवहाराचे कागद बघा: बायडन यांनी जानेवारीत तो अडवला, ट्रम्प यांनी मंजूर केला तो ‘गोल्डन शेअर’ घेऊन. मुख्यालय पिट्सबर्गमधून हलवायचं, कंपनीचं नाव बदलायचं, तर अमेरिकन सरकारचा नकाराधिकार. पैसे जपानचे, शेवटचा शब्द वॉशिंग्टनचा. १९५१ च्या सह्यांची आठवण मला इथे आल्याशिवाय राहिली नाही.

जपानने यातून काय धडा घेतला, तेही मी तिला सांगितलं. बंदरातलं कुठलंही जहाज एका दोरावर बांधत नाहीत, पुढे, मागे, मध्ये असे दोर टाकतात. जपान हेच करतोय. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकचा व्यापार करार सोडला, तर जपानने उरलेल्या देशांना धरून ठेवलं आणि २०१८ मध्ये अकरा जणांनी सही केली. संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के खर्च करायचा, हे २०२२ मध्ये ठरवलं. जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे यांनी २००७ मध्ये भारताच्या संसदेत दोन महासागरांच्या संगमाबद्दल भाषण केलं, तोही एक दोरच होता. गोव्यात त्याच वर्षी जपानी कर्जातून पाणी आणि सांडपाण्याची मोठी योजना आली, साळावली धरणाच्या पाणीपुरवठ्याचा विस्तार त्यातलाच. वास्कोच्या नळाला साळावलीचं पाणी येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क चढवलं, तेव्हा आपल्या निर्यातदारांची जी धावपळ उडाली, ती मी ऑफिसात बसून पाहिली आहे. आपल्याकडे दोर कमी आहेत, आणि मला त्याची काळजी वाटते. मुलीने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मार्गदर्शकानेही लिहून घेतलं, आणि तेवढ्यावरून या मुलांबद्दल माझं मत अजून चांगलं झालं.

आता बाकीचं थोडक्यात. हातात देतात ते पत्रक झेरॉक्सचं आहे आणि त्यातले फोटो काळे पडलेत, ग्रिप्सहोल्मच्या बाजूची अक्षरं वाचता येत नाहीत. नकाशा मात्र उत्तम आहे, दोन्ही जहाजांचे मार्ग त्यावर बंदरा-बंदरासकट दाखवलेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर बागेतल्या पायऱ्या उतरू नका, वरच्या बाकांवरून तेवढंच दिसतं. नऊनंतर ऊन लागतं, टोपी आणि पाणी हवंच. भाजी-पावाची पातळ भाजी झणझणीत आणि ताजी होती, चहा जरा गोड. लहान मुलांना नेलं तर कार्डांचा भाग त्यांना नीट कळतो. आमच्या गटात दहा वर्षांचा एक मुलगा होता, त्याने सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले.

पावसात फेरी बंद असते, ऑक्टोबरपासून मे पर्यंत चालते. एका वेळी बाराच माणसं घेतात, म्हणून नाव आधी द्यावं लागतं. ऑक्टोबरचा तिसरा रविवार मिळाला तर तो घ्या, त्या दिवशी अदलाबदलीवर जास्त वेळ देतात. बाबांच्या काळातली काट्याची जुनी पुस्तकं आणि एक कॅलेंडर माझ्याकडे आहे. खनिजाच्या थांब्यासाठी ती वापरा, आणि डलेस यांच्या पत्रकापासून यूएस स्टीलपर्यंतचं एक पान मी मराठीत लिहून देते, असं मी त्यांना कळवलं आहे. त्यांनी होकार दिलाय. पुढच्या हंगामात जाणाऱ्यांनी पत्रकात ते पान आहे का, हे आवर्जून बघावं आणि नसेल तर मागावं.